टिपाडाला झाकण, लेकराला राखण

ज्यांच्या अंगणात पोहण्याचा तलाव असतो अशा लोकांसाठी परदेशात कायदे आहेत. फ्रान्समध्ये २००३ साली कायदा झाला. त्यानुसार जमिनीत बांधलेल्या खाजगी तलावाला कुंपण, झाकण, छप्पर किंवा धोक्याची घंटा यांपैकी काहीतरी एक असलेच पाहिजे. ऑस्ट्रेलियात तलावाभोवती किमान १.२ मीटर उंचीचे कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक लागते. महिला मंडळाच्या बैठकीत मी हे सांगितले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या एक आजी हसल्या. म्हणाल्या, "बाई, आपल्याला अंग धुवायला धड न्हाणी नाही, आन् तलाव कुठला काढलास?"

आजींचे म्हणणे खरे आहे. परंतु त्यांच्याच दारात दोनशे लिटरचे निळे टिपाड उभे होते, न्हाणीत दोन बादल्या भरलेल्या होत्या आणि मागच्या बाजूला जमिनीतला हौद होता. त्यावर फुटक्या पत्र्याचा तुकडा टाकलेला होता. माता-भगिनींनो, आपला तलाव तो हाच. फरक एवढाच की त्याला कुंपण नाही आणि त्याच्यासाठी कोणी कायदा केलेला नाही.

मी लातूरची. अंगणवाडी सेविका म्हणून माझी वीस-बावीस वर्षे लहान लेकरांत गेली. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. त्या उन्हाळ्यात टँकर आला की वस्तीत धावपळ उडायची. घागरी, पातेली, पिठाचे डबे, जे भांडे रिकामे दिसेल ते भरून ठेवायचे. पाणी रोज येत नाही, म्हणूनच गरिबाच्या घरात पाणी साठवावे लागते. ज्याच्या नळाला चोवीस तास पाणी आहे, त्याच्या घरात चार-चार टिपाडे कशाला असतील?

त्याच उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या गल्लीत एक लेकरू गेले. सव्वा वर्षाची मुलगी, नुकतीच पावले टाकू लागलेली. आई टँकरच्या रांगेत होती आणि वडील मोंढ्यात हमालीला गेले होते. घरात सात वर्षांची मोठी बहीण राखण करीत होती. ती दारात कोण आले म्हणून बघायला गेली आणि परत आली तो धाकटी अर्ध्या भरलेल्या बादलीत डोक्यावर उलटी पडलेली. माणसे जमली. कोणी पाय धरून तिला गरगर फिरवले, तर कोणी पोट दाबले. मग रिक्षा शोधण्यात वेळ गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत सारे संपले होते.

त्यानंतर जे घडले ते मला जास्त लागले. "आईचे लक्ष नव्हते" असे सगळे बोलू लागले. त्या सात वर्षांच्या पोरीलाही कोणी सोडले नाही. कितीतरी दिवस ती कोणाशी बोलत नव्हती. मी विचारते, आईने पाणी आणायचे की लेकराजवळ बसायचे? आणि सात वर्षांचे मूल म्हणजे राखणदार होते काय? तेही लेकरूच. दोष देऊन कोणाचे मूल परत येत नाही. पुढचे मूल वाचवायचे असेल तर हे कसे घडते ते समजून घ्यावे लागेल.

लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत डोकावताना तोल गेला की ते डोक्यावर पडते. हातात बळ नसल्याने स्वतःला वर काढता येत नाही. वीतभर पाणीदेखील पुरे होते. पाण्यात पडलेले मूल ओरडेल, हातपाय आपटेल, मग आपण धावू, असे आपल्याला वाटते. पण नाकातोंडात पाणी गेलेले मूल ओरडू शकत नाही. पलीकडच्या खोलीत भाकरी थापणाऱ्या आईला काही ऐकू येत नाही. मेंदूला चार-पाच मिनिटे प्राणवायू मिळाला नाही की कायमची इजा होऊ लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून गेली. त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतली मुले होती.

बांगलादेशात खेडोपाडी तळी फार. तिथे 'आंचल' नावाची केंद्रे चालवली गेली. सकाळी नऊ ते दुपारी एक, म्हणजे आया कामात गुंतलेल्या असतात नेमक्या त्या वेळात, गावातलीच एक बाई मुलांना सांभाळते. त्यामुळे बुडून मरणारी मुले कमी झाली. यातून आपण शिकण्यासारखे आहे. आमच्या गल्लीत आता टँकर आला की एक बाई रांगेत उभी राहत नाही. ती सगळ्यांची लेकरे घेऊन समाजमंदिराच्या ओट्यावर बसते आणि तिच्या घागरी बाकीच्या भरून देतात. याला पैसा लागला नाही. एकमेकींवर विश्वास मात्र लागला.

घरात करायच्या गोष्टीही साध्या आहेत. टिपाडाला घट्ट बसणारे झाकण हवे, आणि त्याच्याजवळ पाट, स्टूल, डबा असे चढण्यासारखे काही नको. वापर झाला की बादली रिकामी करून पालथी घालावी. न्हाणीच्या दाराला मुलाचा हात पोचणार नाही अशी वर कडी लावावी. हौदाला लोखंडी झाकण आणि कुलूप करून घ्यावे. घरमालक ऐकत नसेल तर चार भाडेकरूंनी मिळून सांगावे. राखण करणाऱ्याने दुसरे काम करू नये, मोबाइल तर हातात घेऊच नये.

एवढे करूनही प्रसंग आलाच, तर काय करावे? मुलाला उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. त्याने पोटातले अन्न श्वासनळीत जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. मुलाला कठीण जमिनीवर उताणे निजवा. हाका मारा, छाती हलते का पाहा. एकाने लगेच १०८ ला फोन लावावा. श्वास चालत नसेल तर हनुवटी किंचित वर उचला. वर्षाच्या आतल्या बाळाचे डोके मात्र सरळच ठेवावे. मोठ्या मुलाचे नाक चिमटीत धरून तोंडाला तोंड लावा. तान्ह्याचे नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्या. छाती वर येईल इतपतच फुंकर, अशा पाच द्या. तरीही मूल हलत नसेल, श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर दाब द्या. मुलाला तळहाताने आणि तान्ह्याला दोन अंगठ्यांनी. छाती एक तृतीयांश आत जावी आणि वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस असावा. तीस दाब, दोन फुंकरी, पुन्हा तीस दाब. मूल श्वास घेईपर्यंत किंवा गाडी येईपर्यंत थांबू नका. मूल रडू लागले, बरे दिसू लागले तरी दवाखान्यात न्याच, कारण फुप्फुसाचा त्रास काही तासांनीही सुरू होतो. हे वाचून पुरे होत नाही. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना बोलावून बाहुलीवर हाताने करून पाहावे.

पाण्याखेरीज आणखी चार गोष्टी सांगते. आमच्याकडे रंगकाम करणारे पुष्कळ. थिनर किंवा रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये. मूल सरबत समजून पिते. प्यायलेच, तर मीठपाणी पाजून ओकारी काढू नका. ओकताना ते फुप्फुसात जाते. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. भाजले तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी घालावे. पाणी कमी असेल तर तांब्याने हळूहळू ओतत राहावे. हळद, शाई, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नये. मराठवाड्यात उन्हाळ्यात लोखंडी कूलरचा शॉक लागून लेकरे जातात. पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिन काढावी आणि अर्थिंग तपासून घ्यावे. शॉक लागलेल्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. दिव्याचे बटण चालू करू नये, बंदही करू नये. बाहेर येऊन १९०६ ला फोन करावा.

कोणी म्हणेल, एवढे सगळे करायला गरिबाला वेळ कुठे आहे? बादली पालथी घालायला वेळ लागत नाही. येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी जमिनीवर बसून, लेकराच्या उंचीवरून आपले घर एकदा पाहावे. काय हाताशी येते, कशावर चढता येते, कुठे पाणी उघडे आहे, ते सगळे दिसेल. वडिलांनीही बसावे, हे काम एकट्या आईचे नाही. १०८ हा आकडा दाराच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा आणि मोठ्या मुलांकडून पाठ करून घ्यावा. आणि तुमच्या वस्तीत कोणाच्या घरी असा घाला पडला असेल, तर त्या आईला बोल लावू नका. तिच्या दारातल्या टिपाडाला झाकण आहे का, ते पाहा. नसेल तर घेऊन जा.