नंबर वन, तरीही ट्रान्स्फर!

सॅन होजे म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? एचवन-बीचा स्टॅम्प, ऑनसाइट गेलेला मित्र, सनीव्हेलमधली एक बेडरूम-हॉलची अपार्टमेंट आणि वीकेंडला एल कामिनो रिअलवरची डोशाची रांग. पुण्यातल्या प्रत्येक दुसऱ्या घरातून कुणी ना कुणी या गावाला जाऊन आलंय. पण या गावात एक फुटबॉलची टीम आहे, आणि तिची गोष्ट ऐकली तर कुठल्याही नोकरदार माणसाच्या पोटात गोळा येईल, हे मला माझ्या मावसभावाने सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं.

दादा २००५ साली ऑनसाइट आला तो तिथलाच झाला. मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेले तेव्हा माझी यादी तयार होती : गोल्डन गेट, स्टॅनफर्ड, आउटलेट मॉल. तो म्हणाला, "ते सगळं होईल. शनिवार मला दे. तुला एक जुनी साइट दाखवतो." मला वाटलं, एखादं मिशन चर्च असेल. निघालं भलतंच!

डाउनटाऊनपासून गाडीने पाच-सात मिनिटांवर एक काँक्रीटचं, जुनं स्टेडियम आहे. १९३३ मध्ये बांधलेलं, सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीचं. नाव स्पार्टन स्टेडियम. २०१६ पासून त्याला एका क्रेडिट युनियनचं नाव लागलंय, पण दादा जुनंच नाव घेतो. अमेरिकन फुटबॉलसाठी, म्हणजे तो हेल्मेट घालून खेळतात त्या खेळासाठी, बांधलेलं. त्यामुळे आपल्या फुटबॉलला मैदान अरुंदच पडायचं. दादाने जाळीच्या कुंपणाला नाक लावलं आणि म्हणाला, "अमेरिकेची आजची लीग इथे सुरू झाली. या गवतावर."

खरंच आहे ते. मेजर लीग सॉकरची पहिलीवहिली मॅच ६ एप्रिल १९९६ ला इथे झाली. सॅन होजे क्लॅश विरुद्ध डीसी युनायटेड. एकतीस हजारांवर माणसं आली होती. अमेरिकनांना गोल न होणारी मॅच म्हणजे शिक्षा, आणि नव्या लीगच्या पहिल्याच मॅचला ०-० लागणार की काय, म्हणून आयोजकांचे चेहरे पांढरे पडले असणार! शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली असताना एरिक विनाल्डाने गोल मारला आणि लीगची लाज राखली. क्लॅश हे नाव पुढे बदललं आणि टीम झाली अर्थक्वेक्स. भूकंपाच्या पट्ट्यात राहून टीमला भूकंपाचंच नाव द्यायचं, याला हिंमत लागते. लाडाने सगळे क्वेक्स म्हणतात.

क्वेक्सने २००१ ला कप जिंकला, २००३ ला परत जिंकला. त्या २००३ मधली एक मॅच दादाने पाहिलेली नाही, तो तेव्हा पिंपरीत होता. पण सांगतो अशी, की जणू पहिल्या रांगेत बसला होता. प्लेऑफमध्ये समोर लॉस एंजेलिस गॅलक्सी. पहिल्या लेगला क्वेक्स ०-२ हरलेले. दुसरा लेग इथे, आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच गॅलक्सीचे आणखी दोन गोल. एकूण ०-४. लोक उठून पार्किंगकडे निघाले तरी चूक म्हणता येणार नाही. आणि मग क्वेक्सने चार गोल परत केले, एक्स्ट्रा टाइममध्ये पाचवा गोल्डन गोल मारला आणि मालिका ५-४ ने खिशात! जे लवकर निघून गेले, त्यांनी ते आयुष्यभर कुणाला सांगितलं नसेल.

पण आमची गोष्ट २००५ ची. कारण दादा आला तो सीझन.

त्याच्या टीममधल्या एका मेक्सिकन टेस्टरने त्याला ओढत नेलं. दादाला फुटबॉलमधलं कळत होतं ते वर्ल्ड कपपुरतं. ऑफसाइड कळायला त्याला दोन मॅचेस लागल्या. पण शनिवारी संध्याकाळी एकट्याने कपडे इस्त्री करत बसण्यापेक्षा हे बरं होतं. "माझी गाडी नव्हती, क्रेडिट हिस्टरी नव्हती, ओळखी नव्हत्या," तो म्हणतो. "पण तिथे ओरडताना कुणी मला विचारलं नाही, तू कुठला."

आणि टीम होती सॉलिड. कोच डॉमिनिक किनियर. जन्म ग्लासगोचा, वाढला इथेच पलीकडे फ्रीमाँटमध्ये, म्हणजे आता जिथे आपली अर्धी मंडळी घरं घेतात तिथे. गोलमध्ये पॅट ऑनस्टॅड. पुढे ड्वेन डी रोझारिओ, जो चेंडू कुठून मारेल याचा नेम नाही. ब्रायन चिंग, रिकार्डो क्लार्क, ब्रॅड डेव्हिस. त्या वर्षी लीगमध्ये बारा टीम, प्रत्येकीच्या बत्तीस मॅचेस. क्वेक्सने अठरा जिंकल्या, दहा बरोबरीत सोडवल्या आणि हरल्या फक्त चार. चौसष्ट पॉइंट्स. अख्ख्या लीगमध्ये पहिला नंबर. त्यासाठी सपोर्टर्स शील्ड नावाची ढाल मिळते, तीही मिळाली. किनियर कोच ऑफ द इयर, ऑनस्टॅड गोलकीपर ऑफ द इयर. आपल्या भाषेत सांगायचं तर अप्रेझलमध्ये सगळ्या कॉलममध्ये 'एक्सीड्स एक्स्पेक्टेशन्स'.

पण इथे एक गोची आहे. युरोपात लीगमध्ये पहिला आलात की चॅम्पियन. अमेरिकनांना फायनल लागते. त्यामुळे शेवटी प्लेऑफ, आणि कप त्याचा जो प्लेऑफ जिंकेल. समोर कोण आलं? गॅलक्सीच! पंचेचाळीस पॉइंट्स, वेस्टमध्ये चौथा नंबर, जेवढ्या मॅचेस जिंकल्या तेवढ्याच हरलेल्या. आणि गॅलक्सीच्या जर्सीत लँडन डोनोवन. हाच डोनोवन २००१ आणि २००३ चे दोन्ही कप क्वेक्सकडून जिंकला होता. २००५ च्या सुरुवातीला तो जर्मनीला गेला, तिथे जमलं नाही, काही महिन्यांत परत आला आणि उतरला थेट दुश्मनाच्या गोटात. सॅन होजेत त्याला जे ऐकावं लागलं, ते छापण्याजोगं नाही.

पहिला लेग लॉस एंजेलिसजवळ, कार्सनमध्ये. क्वेक्स १-३ हरले. दुसरा इथे, २९ ऑक्टोबरला. दादा होता. २००३ ची गोष्ट तोवर त्याने शंभर वेळा ऐकलेली, त्यामुळे शेवटपर्यंत त्याला वाटत होतं, आता होईल, आता होईल. मॅच १-१ सुटली. संपलं. एकोणीस पॉइंट्सनी मागे राहिलेली गॅलक्सी पुढे गेली आणि तिने कपही जिंकला.

"हरण्याचं काही नाही गं," कुंपणापाशी उभा राहून दादा म्हणाला. "लोक उठेचनात. लाइट्स चालू होते, आणि माणसं बसून होती. सगळ्यांना माहीत होतं."

काय माहीत होतं? तर टीम जाणार हे. क्वेक्सचा मालक होता एईजी हा मोठा एंटरटेन्मेंट ग्रुप. आणि गंमत बघा, त्याच ग्रुपकडे गॅलक्सीही होती. (सासर आणि माहेर एकाच्याच मालकीचं!) लॉस एंजेलिसकडे स्वतःचं कोरं करकरीत स्टेडियम होतं. सॅन होजेत मात्र भाड्याचं घर. लीगमध्ये तेव्हा एक हिशेब सगळ्यांना पटला होता : स्टेडियम आपलं असेल तर पार्किंग, खाणंपिणं, जाहिराती, कॉन्सर्ट्स, सगळ्याचा पैसा आपला. भाड्याच्या जागेत तो येत नाही आणि टीम तोट्यात जाते. क्वेक्सना नवं स्टेडियम हवं होतं, पण ते कुणाच्या पैशाने, यावर घोडं अडलं. डॉट कॉमचा फुगा फुटून फार वर्षं झाली नव्हती. सिटीने सार्वजनिक पैसा ओतायचा नाही म्हटलं, तर त्यात मला तरी काही गैर वाटत नाही. फॅन्सनी 'सॉकर सिलिकॉन व्हॅली' नावाची संघटना काढली, सह्या, मीटिंगा, गुंतवणूकदारांचा शोध. जगभरातल्या स्टार्टअप्सना रोज कोट्यवधी देणाऱ्या या व्हॅलीत एका फुटबॉल टीमला मात्र वेळेत कुणी सापडलं नाही. तीस हजारांच्या स्टेडियममध्ये सरासरी तेरा हजारांच्या आसपास माणसं यायची, हेही खरंच. दादा हे कबूल करतो, पण जरा कुरकुरत.

१५ डिसेंबर २००५. बातमी आली : टीम ह्यूस्टनला चालली. कोच, खेळाडू, सगळे. लीगमध्ये पहिला नंबर काढून दोन महिने झाले नव्हते! इथे फक्त तीन गोष्टी ठेवल्या : नाव, रंग आणि जुने रेकॉर्ड्स. माणसं गेली आणि घरावरची पाटी राहिली. दादाने ही बातमी ऑफिसच्या क्युबिकलमध्ये वाचली. तो तेव्हा स्वतःच व्हिसा एक्स्टेन्शनच्या कागदांची वाट बघत होता, दर सोमवारी एचआरला मेल टाकत होता. "आपण चांगलं काम केलं की आपल्याला कोण हलवणार, असं मला तोपर्यंत खरंच वाटायचं," तो म्हणाला आणि गाडीची किल्ली काढली. "चल, भूक लागली."

ह्यूस्टनमध्ये त्या टीमचं नाव आधी ठेवलं '१८३६'. शहर वसलं ते साल. पण त्याच वर्षी टेक्सस मेक्सिकोपासून तुटलं, आणि फुटबॉल बघणारे निम्मे लोक तर मेक्सिकन! आरडाओरडा झाला, आणि काही आठवड्यांत नाव झालं डायनॅमो. डायनॅमोने काय केलं? २००६ चा कप जिंकला. २००७ चाही. किनियर, ऑनस्टॅड, डी रोझारिओ, चिंग, सगळे तेच. दादाने २००६ ची फायनल टीव्हीवर पाहिली. आनंद झाला का, विचारलं, तर म्हणाला, "एक्स-गर्लफ्रेंडच्या लग्नाचे फोटो बघताना होतो तेवढा."

आता तुम्ही कधी गेलात, तर दुसरा भाग बघायला सॅंटा क्लारा स्टेशनला उतरा. कॅलट्रेनने या, गाडी नको. छोटं, जुनं, लाकडी स्टेशन. एका बाजूला रस्ता ओलांडला की सॅंटा क्लारा युनिव्हर्सिटी, आणि तिच्या आवारात बक शॉ स्टेडियम, ज्याला आता स्टीव्हन्स स्टेडियम म्हणतात. २००८ मध्ये लीगने सॅन होजेला पुन्हा टीम दिली, तेव्हा नवे मालक, नवे खेळाडू आणि तेच जुनं नाव घेऊन क्वेक्स इथे परतले. जेमतेम दहा हजारांची जागा, कॉलेजच्या गॅदरिंगसारखी. सात सीझन तिथे काढले.

स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला रुळांखालून बोगदा आहे. त्यातून बाहेर पडून थोडं चाललं की आजचं स्टेडियम, पेपाल पार्क. २०१५ ला उघडलं. अठरा हजार सीट्स, स्टँड इतके उभे की खेळाडूंच्या शिव्या ऐकू येतात. एक बाजू मोकळी, तिथे भलामोठा बार, आणि पलीकडे एअरपोर्ट. कॉर्नर किक घ्यायला खेळाडू उभा राहतो आणि त्याच्या डोक्यामागून विमान उडतं. मॅचचं तिकीट काढाच, पण स्वेटर न्या. कॅलिफोर्निया म्हणून मी टीशर्टवर गेले आणि हाफटाइमला दादाचं जॅकेट ढापलं.

याचं भूमिपूजन २१ ऑक्टोबर २०१२ ला झालं, तेही एकट्या मंत्र्याच्या हस्ते नारळ फोडून नव्हे. ६,२५६ माणसांनी एकाच वेळी फावड्याने माती उकरली आणि गिनेस रेकॉर्ड केला. दादाचं फावडं अजून गॅरेजमध्ये आहे. वहिनी कुंड्यांसाठी मागते, तो देत नाही.

त्याच २०१२ मध्ये क्वेक्स पुन्हा लीगमध्ये पहिले आले, पुन्हा ढाल मिळाली. प्लेऑफमध्ये पुन्हा गॅलक्सी आली. आणि पुन्हा गॅलक्सीनेच घरी पाठवलं! आधी लॉस एंजेलिसला जाऊन १-० ने जिंकून आले आणि मग घरच्या मैदानावर १-३. यावर दादाशी बोलायचा प्रयत्न करू नका. मी केला.

त्या वर्षी सत्तावीस गोल मारून लीगच्या रेकॉर्डशी बरोबरी करणारा माणूस होता क्रिस वोंडोलोस्की. आणि इथे गोष्टीला एक टाका पडतो. हा वोंडो २००५ च्या त्या टीममध्येच होता! एका छोट्या कॉलेजातून आलेला, ड्राफ्टमध्ये अगदी तळाशी निवडलेला पोरगा. खेळायला मिळालं नाहीच जवळजवळ. टीम ह्यूस्टनला गेली, तोही गेला. तिथेही बहुतेक बेंचवर. २००९ मध्ये त्याला सॅन होजेकडे परत पाठवलं, तेव्हा पेपरात चार ओळी आल्या असतील. मग त्याने जी गोल मारायला सुरुवात केली, ती २०२१ पर्यंत. एकूण १७१. लीगच्या इतिहासात इतके गोल कुणीच केलेले नव्हते. १७१वा मारला शेवटच्या मॅचमध्ये, याच मैदानावर, विमानांच्या आवाजात.

सगळं छान छान झालं असं मात्र नाही. २०२४ मध्ये क्वेक्स लीगमध्ये शेवटच्या नंबरावर होते. चौतीस मॅचेसमध्ये पंचवीस हरले. २०२५ मध्ये मालकाने टीम विक्रीला काढल्याचं जाहीर केलं. मी दादाला मेसेज टाकला, 'आता रे?' त्याचं उत्तर रात्री उशिरा आलं : 'सीझन तिकीट रिन्यू केलंय.' खाली फोटो होता. फावड्याचा.