चेहरा कोरा, मन नव्हे

चेहरा मनाचा आरसा असतो, असं आपण सहज म्हणून जातो. पण ज्या घरात स्वमग्न मूल असतं, त्या घराला हा आरसा नव्यानं वाचायला शिकावं लागतं.

माझा मुलगा 9 वर्षांचा आहे. तो घाबरला की हसतो. शाळेत एकदा बाई दुसऱ्या मुलाला रागावत होत्या आणि हा मोठमोठ्यानं हसू लागला. बाईंना तो उद्धटपणा वाटला. त्यांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. मी न्यायला गेले, तेव्हा त्यानं दोन्ही कान गच्च दाबून धरले होते. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, पण हात थरथरत होते.

1943 साली डॉ. लिओ कॅनर यांनी 11 मुलांची निरीक्षणं नोंदवून स्वमग्नतेचं वर्णन केलं. ही मुलं इतरांशी भावनेनं सहज जोडली जात नाहीत, असं त्यांनी म्हटलं होतं. पुढे लोकांनी त्याचा अर्थ ‘यांना भावनाच नसतात’ असा करून टाकला. 2012 साली डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की अडचण दोन्ही बाजूंनी असते. त्यांना आपला चेहरा वाचणं जड जातं, तसंच आपल्यालाही त्यांचा. मग शिकण्याचं सारं ओझं त्या चिमुकल्या जिवावरच का?

आम्ही ते वाटून घेतलं. केंब्रिजच्या संशोधकांनी अशा मुलांसाठी एक चित्रमालिका तयार केली होती. तीत गाड्यांना खऱ्या माणसांचे चेहरे होते, कारण यातल्या बऱ्याच मुलांना गाड्यांचं वेड असतं. आमच्याही स्वारीला ते आहेच! आम्ही त्याच्या खेळण्यातल्या डब्यांवर घरच्यांचे फोटो चिकटवले: हसरे बाबा, रागावलेली ताई, दचकलेली आजी. प्रत्येक चेहऱ्याबरोबर त्याचं कारणही सांगतो. ‘लोणच्याची बरणी फुटली, म्हणून आजीला वाईट वाटलं.’ नुसता चेहरा त्याला कोडं वाटतो, कारण कळलं की ते थोडं सुटतं.

आमच्या शिकण्यासाठी सासूबाईंनी एक वही घातली. हात फडफडवतो, म्हणजे खुशीत आहे. एकसुरात गुणगुणतो, म्हणजे आवाज सहन होत नाहीत. मागच्या पावसाळ्यात तो गुणगुणत एकच कान सारखा चोळू लागला. चेहरा अगदी शांत, ताप नाही. पण वहीत असं पूर्वी कधीच नव्हतं, म्हणून डॉक्टरांकडे नेलं. कानात पू झाला होता. कोरा चेहरा पाहून गप्प बसलो असतो, तर?

प्रत्येक मुलाच्या खुणा वेगळ्या, तेव्हा आमची वही तुमच्या उपयोगाची नाही. तुमची तुम्हालाच लिहावी लागेल. मात्र ‘माझ्या डोळ्यांत बघ’ असा हट्ट धरू नका. अनेक स्वमग्न मुलांना नजरेला नजर देणं असह्य होतं. ‘मला आनंद झाला’, ‘मी दमले’ असं आपल्या मनातलं शब्दांत सांगत जा. त्यालाही चेहऱ्याऐवजी शब्दानं, चित्रानं किंवा खुणेनं सांगू द्या.

अजूनही एखादा पाहुणा विचारतोच, ‘‘याला काही वाटतच नाही का हो?’’ सासूबाई काही बोलत नाहीत. शांतपणे चष्मा लावतात आणि वही उघडून त्याच्यापुढे ठेवतात.