चंद्रपूरचा बर्फ

चंद्रपूरच्या उन्हाची कीर्ती कोणाला ठाऊक नाही? त्याच मुलखात, पैनगंगेकाठी इरई गावाजवळ, मी बर्फाचा माग पाहत उभा होतो! घट्ट झालेल्या मातीत खडे, गोटे, शिळा. लहानथोर सारे एकाच पंगतीला. वाहते पाणी जड-हलके निवडून टाकते. बर्फ निवडीत नाही. पण चिखलाची दरडही असाच पसारा करते. म्हणून भूशास्त्रज्ञ अशा खडकाला आधी नुसते ‘डायमिक्टाइट’ म्हणतात. त्याखालच्या गुळगुळीत चुनखडीवर एकाच दिशेचे ओरखडे दिसले, की मग ‘टिलाइट’, म्हणजे हिमनदीच्या गाळाचा दगड. फेडनसाहेबांनी इथल्या खुणा १८७५ साली प्रसिद्ध केल्या. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे ते ओरखडे मी बोटाने चाचपले. दगड उन्हाने तापला होता.