गाडी हवा घेते

माझी मारुती 800 होती 1996 च्या मॉडेलची, कार्बोरेटरवाली. सकाळी चोक ओढून सुरू केली की शहाण्यासारखी चालायची. इंजिन गरम झालं आणि चोक आत ढकलला, की गियरचा दांडा थरथरायचा, रेस आपोआप खाली-वर व्हायची आणि फाटकाशी थांबलं की गाडी बंद. अहिवाऱ्याच्या रस्त्यावर साठच्या वेगाने मात्र काही तक्रार नाही.

भिलाईत पॉवर हाउस भागातल्या एका गॅरेजमध्ये स्लो रेसचा स्क्रू चढवून मिळाला. थरथर कमी झाली, पण पेट्रोल जास्त लागू लागलं. मला हे पटलं नाही. ताप उतरवण्याचं औषध दिलं, ताप का आला ते कुणी पाहिलंच नाही.

नंदिनी नगरात आमच्या ओळीत एक काका होते, मूळचे नागपूरचे, खाणीत यंत्रांच्या देखभालीवर आयुष्य काढलेले. त्यांनी गाडी चालू ठेवायला सांगितली, बॉनेट उघडून नुसतं ऐकलं. मग म्हणाले, “तीन सिलिंडरचं इंजिन आहे बाबू. एक जरी मिसिंग मारला तरी एक तृतीयांश ताकद गेली. कोणता तो आधी पाहू.”

रबरी मुठीच्या पकडीने त्यांनी प्लगची एकेक वायर काढली. पहिली काढली, इंजिन दबलं. दुसरी काढली, तेव्हाही दबलं. तिसरी काढल्यावर फारसा फरक नाही. इंजिन गार झाल्यावर प्लग बाहेर काढले. दोहोंची टोकं बिस्किटी रंगाची, तिसऱ्याचं पांढरट. म्हणजे त्या सिलिंडरला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त मिळत होती. तिसरा प्लग दुसऱ्या जागी लावून पाहिला, तरी दोष तिसऱ्यातच राहिला. प्लग निर्दोष ठरला. कॉम्प्रेशनही तिन्हींचं जवळपास सारखं निघालं.

आता काकांनी इंजिन गरम करून चोक जरासाच ओढला. मिश्रणात पेट्रोल वाढलं आणि थरथर लगेच निवली. “गाडी हवा घेते,” ते म्हणाले.

स्लो रेसला थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि तिच्या पलीकडे मॅनिफोल्डमध्ये जोराची ओढ असते. साधारण 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल, वजनाने, हा पेट्रोल पूर्ण जळण्याचा हिशेब. सुईएवढ्या भेगेतून शिरणारी हवाही तेव्हा तो मोडते. वेगात कार्बोरेटरमधूनच इतकी हवा वाहते की भेगेतली जाणवत नाही. रस्त्यावर गाडी का नीट चालायची, त्याचं उत्तर मला तिथे मिळालं.

भेग शोधायला साबणाचं पाणी पुरलं. पिचकारीने मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर, कार्बोरेटरच्या बुडाशी, प्रत्येक रबरी नळीवर थोडं थोडं मारत गेलो. तिसऱ्या सिलिंडरच्या बाजूला जोडलेल्या व्हॅक्यूमच्या नळीवर पाणी पडलं आणि इंजिनाचा आवाज बदलला. नळी उतरवली तर तोंडाशी रबर कडक होऊन तडकलेलं. इथल्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे जातो, त्यात बॉनेटखालची उष्णता. रबर किती टिकणार?

नळी नवी घातली, क्लॅम्प आवळला. चढवलेली रेस उतरवली, मिश्रणाचा स्क्रू इंजिन अडखळेपर्यंत आत घेतला, मग ते एकसुरी चालेपर्यंत हळूहळू बाहेर. गियरचा दांडा स्थिर झाला.

मला आजही राग येतो तो रेस चढवून देण्याच्या पद्धतीचा. भेगेतून जाणारी हवा एअर फिल्टरमधून जात नाही. आमच्या गावातून भिलाई पोलाद कारखान्याच्या झोतभट्ट्यांसाठी चुनखडी जाते, हवेत तिचा भुगा असतो. चुनखडी तशी मऊ, पण तिच्यासोबत उडणाऱ्या मातीत वाळूचे कणही असतात, आणि ते पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासतात. थरथर झाकली तरी हे घासणं चालूच राहतं.

आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत चोक नाही, तिथे थ्रॉटल बॉडीवरचा काजळीचा थर आणि सेन्सरही तपासावे लागतात. पण तडकलेली नळी तिथेही तितकीच त्रास देते. तपासायला साबणाचं पाणीच घ्या. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून पाहणारेही आहेत, ते कधीच करू देऊ नका. आणि गॅरेजवाला थेट रेसच्या स्क्रूला हात घालू लागला, तर त्याला आधी रबरी नळ्या तपासायला सांगा.