नळीची तोटी

शेततळ्याचे पाणी एकदम उपसले की कड ढासळते, हे मी ३० वर्षे गावोगाव सांगत आलो. डोक्यातही तसेच घडते, हे मात्र २०१९ च्या जूनमध्ये कळले.

बदलापूरकडे माझा मावसभाऊ जांभळे उतरवताना झाडावरून पडला. शुद्धीवर आला, पण वाकला की नाकातून स्वच्छ पाणी टपके. घरचे म्हणाले, सर्दी. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी ओळखले : कवटीला चीर गेली होती, मेंदूभोवतीचे पाणी गळत होते. हे पाणी असते जेमतेम १५० मिलिलिटर. शरीर रोज अर्धा लिटर नवे बनवते. चीर मिटावी म्हणून मुंबईला त्याच्या कमरेच्या मणक्यांत बारीक नळी घातली. तासाला १० मिलिलिटर, अधिक नाही.

तिसऱ्या दिवशी चहासाठी मी त्याला उठवून बसवले. आधी तोटी बंद करा, असे बजावले होते; मी विसरलो. पिशवी भराभर भरली. पाणी फार गेले की मेंदू खाली बसतो, वरच्या बारीक शिरा ताणून तुटतात. क्वचितच होते हे. संध्याकाळी त्याचे डोके ठणकू लागले, बोलणे अडखळले. सीटी स्कॅनमध्ये रक्ताचा पातळ थर दिसला. नळी बंद केली, सपाट निजवले. कवटी उघडावी लागली नाही, एवढे नशीब.

अशा रुग्णाजवळ बसाल तर उशी, खाट, पिशवी यांना नर्सबाईंना विचारल्याखेरीज हात लावू नका. डोके दुखते म्हणाला तर लगेच सांगा.

भाऊ आता बरा आहे. जांभळे उतरवायला गडी लावतो. मावशीला तोटीचे मी अजून सांगितलेले नाही.