पाण्याखालचे शिवार

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी ज्याचा पाया घातला, तो हा जलदुर्ग पाहायला माणसे लांबून येतात. तटाखालच्या पाण्यात काय नांदते आहे, तिकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. सिंधुदुर्ग आणि पद्मगडाभोवतीचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

या भागात आता पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरता येते. पोहता न येणाऱ्यालाही वाकबगार माणूस हाताला धरून खाली नेतो. पावसाळ्यात हे बंद असते. दिवाळीनंतर पाणी निवळू लागते. कुडाळकडच्या काही शेतकऱ्यांबरोबर गेल्या जानेवारीत मीही उतरलो. नेणारा मुलगा मालवणचाच. त्याने एकच ताकीद दिली, “काका, खाली कशाक हात लावू नकात.”

दोन पुरुष खोलीवरच कानाला दडे बसले. नाक चिमटीत धरून हवा दाबली तेव्हा ते सुटले. मग अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा आमच्याभोवती फिरू लागला, नांगरामागे बगळे यावेत तसा. खडकाच्या कपारीतून वामीसारखा एक लांबोडा जीव तोंड उघडत-मिटत आमच्याकडे पाहत होता. माझ्या छातीत धडकी भरली. वर आल्यावर त्या मुलाने सांगितले, की तो चावायला येत नव्हता, श्वास घेत होता. कल्ल्यांवरून पाणी खेळते राहावे म्हणून त्याला सतत तोंड उघडावे लागते. आपण छेडले नाही तर तो आपल्या वाटेला जात नाही.

पण माझी नजर खिळली ती प्रवाळावर. दिसायला दगड किंवा झुडूप. प्रत्यक्षात तो हजारो बारीक जीवांचा वाडा असतो. हे जीव चुन्याचे घर बांधतात आणि आपल्या अंगात सूक्ष्म शेवाळाला जागा देतात. शेवाळ उन्हावर साखर तयार करून घरमालकाला पोसते. कुळीथ किंवा चवळीचे रोप उपटून मुळावरच्या गाठी आपण पाहतो ना? तिथे जिवाणू रोपाला नत्र देतात आणि रोप त्यांना साखर देते. तसाच हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे. पाणी फार तापले की तो मोडतो, शेवाळ निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. तापलेले पाणी लवकर निवळले नाही तर तो उपासमारीने मरतो. गोल दगडासारखा प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. त्याच्याच आडोशाला कितीतरी माशांची पिले मोठी होतात.

या शेवाळाला ऊन लागते, म्हणजे पाणी स्वच्छ हवे. आपला संबंध येतो तो इथे. सह्याद्रीत उगम पावलेली कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते. आषाढात तिचे पाणी लाल होऊन जाते, ती लाली आपल्या वरकस जमिनींची आणि फुटलेल्या बांधांची असते. हा गाळ पाणी गढूळ करतो, ऊन अडवतो आणि प्रवाळावर बसला तर त्याचा जीव गुदमरतो. जोराच्या पावसाआधी फेकलेला युरियाही वाहून जातो. खताचे पाणी समुद्रात गेले की मोकाट शेवाळ माजते आणि प्रवाळाची जागा बळकावते.

यावरचे उपाय तुमच्या माहितीतले आहेत. उताराला आडवी मशागत करा. बांधावर वाळा लावा, त्याची मुळे खोल जाऊन माती धरून ठेवतात. भाताला खत फेकण्याऐवजी चारसूत्री पद्धतीने चार चुडांच्या मधोमध ब्रिकेट खोचा. हे सारे आपण आपल्याच पिकासाठी करायचे आहे. खताचा पैसा वाचतो आणि कसदार माती शेतातच राहते. तिकडे मालवणच्या रापणकराच्या जाळ्यात पुढे जे मासे यायचे, त्यांच्या पिलांचे घरही शाबूत राहते. मृगाआधी बांधावर एक फेरी मारा. जिथे माती खचली असेल तिथे आताच दगड लावून घ्या.