प्याद्याले हात लागला का?

मी लिहिलेल्या बुद्धिबळ इंजिनाचा जो भाग मला सर्वात जवळचा आहे, तो खरे तर पुलगावच्या एका काकांचा आहे. कापडगिरणीत आयुष्य गेलेला माणूस. संगणकाला त्यांनी कधी हात लावला नाही.

डाव रंगात आला की काका हत्ती, घोडे, उंट, वजीर उचलून बाजूला ठेवत. पटावर दोन राजे आणि प्यादी तेवढी उरत. “वाच आता,” म्हणत. कोणते प्यादे एकटे पडले, कोणती दोन एकाच पट्टीत अडकली, कोणाची वाट मोकळी, हे सांगून झाले की मोहरी जागच्या जागी आणि डाव पुढे सुरू. थोड्या चालींनंतर मी परत प्यादी न्याहाळू लागलो की ते म्हणत, “प्याद्याले हात लागला का? नाही ना? मंग पुन्हा कायले मोजून राह्यला बे?”

इंजिन सेकंदाला लाखो स्थिती तपासते. त्यातल्या बहुतेकींत मोहरीच हललेली असतात, प्याद्यांची रचना तीच. म्हणून तिचा हिशोब एकदाच करून तक्त्यात ठेवायचा. तो शोधायची किल्ली बनवण्याची रीत अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी 1970 मध्ये मांडली. प्यादे उभे राहू शकेल अशी घरे 48, रंग दोन, म्हणून 96 यादृच्छिक आकडे. पटावरच्या प्याद्यांचे आकडे एक्सऑर या बिटक्रियेने एकत्र केले की किल्ली तयार. प्यादे सरकले तर जुन्या घराचा आकडा काढायचा, नव्याचा घालायचा. घोडा कुठेही उडाला तरी किल्ली तीच.

पण काय साठवायचे नाही, हे मला कुठल्या पुस्तकाआधी काकांनी शिकवले. माझे एक प्यादे मोकळे होते आणि मी खुशीत होतो. त्यांनी नेमका त्याच्यासमोर घोडा आणून बसवला. “प्यादं मोकयंच हाय. पण नाकासमोर घोडा बसला. हे दर खेपेले पाहा लागते.” माझ्या तक्त्यात ‘मोकळे’ एवढीच नोंद राहते, अडवणूक प्रत्येक स्थितीत नव्याने मोजली जाते. राजाच्या आडोशाचेही तेच, कारण राजा स्वतः हलतो.

स्टॉकफिश या बुद्धिबळ इंजिनाचा खुला कोड वाचला तेव्हा तिथेही हीच विभागणी दिसली. ज्यांनी तो सर्वांसाठी मोकळा ठेवला, त्यांचेही माझ्यावर ऋण आहे. 2020 मध्ये त्यात न्यूरल नेटवर्क आले, 2024च्या 16.1 आवृत्तीत हाताने लिहिलेले मूल्यमापन पूर्ण गेले. प्याद्यांची किल्ली मात्र टिकली: अमुक रचनेत कोणती चाल लाभली, अंदाज कितीने चुकला, हे ध्यानात ठेवायला ती अजून लागते. ते वाचून मला फार आनंद झाला.

काकांनी शिकवणीचा एक रुपया घेतला नाही. त्यांच्या डावांच्या वह्या घरच्यांनी माझ्याकडे सोपवल्या आहेत. त्यांतल्या स्थिती मी इंजिनाच्या चाचणीत एकेक करून घालतो आहे. मूल्यमापनात काही बदलले की आधी इंजिन या स्थितींवर चालवून पाहतो, मगच पुढचे.